बॉनेटवरचा हात

काल माझा धाकटा भाऊ मित्रांना घेऊन आला आणि आमच्या वडिलांच्या, अण्णांच्या, जुन्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "आम्ही घरीच रंगवली, अगदी स्वस्तात." अण्णा गेल्यावर हीच गाडी तो भंगारात काढायला निघाला होता. दोन महिने अंगणात उकिडवं बसून गंज मी घासला, साध्या रोलरने निळा रंग मी चढवला. कष्टात वाटा कुणालाच नको असतो. 'आम्ही' हा शब्द मात्र किती सहज तोंडात येतो.

"ताई, चावी दे. यांना एक चक्कर मारून आणतो."

"यातला कुठला दरवाजा तू घासलास, तो आधी दाखव," मी म्हणाले.

तो नुसता हसला. मी गाडीत बसले आणि त्या सगळ्यांसमोरून एकटीच फाटकाबाहेर पडले.