आगारीचा मान

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी अभिमनला कुणाचा हेवा वाटावा, तर स्वतःच्या बापाचा! हसू नका. धरणगावजवळच्या त्या घरात चार दिवस राहून बघा, तुम्हीही जळाल.

रुपचंदआबांनी शंभरी केव्हाच ओलांडली. कळण्याची भाकर अजून स्वतःच्या दातांनी चावून खातात. अभिमनला साखर, त्यात गुडघे गेलेले. दवाखान्यात जावं तर डॉक्टर याची नाडी सोडून आबांसोबत फोटो काढणार. मध्यंतरी एक चॅनलवाला आला. आबांना दीर्घायुष्याचं गुपित विचारलं आणि अभिमनला म्हणाला, "बाबा, जरा बाजूला व्हा, तुमची सावली पडतेय." त्या दिवसापासून अभिमन ते चॅनल लावत नाही.

"मन्हा वाटानं आयुष्य आबाच खाई बसनात," तो त्याचा दोस्त निंबाला म्हणायचा. निंबाचं काय, तो गावाचा नाना झाला होता. सोयरीक जमवायची, बांधाचं भांडण मिटवायचं, की लोक त्याच्या दारात. अभिमन नातवंडांचा आजोबा झाला, तरी गावाला तो आबांचा पोरगाच.

तेही चाललं असतं. पण आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण आला की त्याच्या काळजात कळ उठायची. त्या दिवशी पितरांच्या नावाने घागर भरायची, पाटावर बसून एकेका मेलेल्या माणसाचं नाव घेत निखाऱ्यावर घास टाकायचा. ही आगारी. बाप हयात असताना मुलाने त्या पाटावर बसायचं नाही, अशी घरची रीत. गावातली कालची पोरं आगारी टाकू लागली आणि अभिमन आपला मागे, बायकापोरांत. एकदा तरी त्या पाटावर बसायला मिळावं, मग डोळे मिटले तरी चालतील, एवढंच त्याच्या मनात होतं.

यंदा थंडीत त्याची छाती धरली. जळगावला नेलं, वाचला. आबा दवाखान्यातल्या बाकावर बसून होते, घरी चला म्हटलं तर उठेनात. नर्सबाया त्यांनाच चहा आणून देत होत्या. इथेही कौतुक म्हाताऱ्याचंच, असं पडल्या पडल्या अभिमनच्या मनात आलं.

मग आखाजी आली. सांजोऱ्या तळून झाल्या, आमरस झाला, निखारे फुलले. आबा पाटाजवळ गेले आणि तिथेच उभे राहिले.

"पोऱ्या, आठे ये. आते तू बठ."

अभिमनची बायको सुगंधाबाई पदर सावरत पुढे आली. "आबा, तुम्ही हयात असतांना त्यास्नी कसं बसावं?" आबांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

अभिमन मात्र बसला. गुडघे करकरले, पण बसला. छाती अशी फुगली की विचारू नका. आजाचं नाव घेतलं, घास टाकला. आईचं घेतलं. मग धाकट्या भावांची पाळी आली. मोतीलाल. कौतिक. दोघे त्याच्यानंतर जन्मलेले आणि केव्हाच गेलेले. ही नावं दर वर्षी आबा घ्यायचे. मागे बसून अभिमन तेव्हा फक्त पाटाकडे बघायचा, बापाच्या तोंडाकडे त्याने कधी बघितलंच नव्हतं.

"आबा," तो म्हणाला, "यंदाच का?"

आबा भिंतीला टेकून खाली बसले. "दोन पोरेस्ना घास मी टाकात. तिसरा टाकाले लावू नको माले."

अभिमनचा हात निखाऱ्यावर तसाच राहिला, तूप बोटांवरून ओघळलं. शंभरीच्या पलीकडे गेलेल्या या माणसाच्याही पुढे आता आपल्याला जगायचंय, हे त्याला कळलं. अंगात तेवढं बळ नाही, हेही कळलं.

"नही लावाव, आबा," तो म्हणाला.