त्रिकोण नसलेली बाटली

जानराव, जय भीम. चार घरं पलीकडे राहणाऱ्या माणसाला पत्र लिहायचं हा मूर्खपणाच आहे, पण तुमच्यासमोर तो विषय काढला की तुम्ही "जाऊ द्या बाई" म्हणता आणि चहा मागवता. मला जाऊ द्यायचं नाही. तेव्हा आधी गुमान वाचा, मग काय बोलायचं ते बोला.

एवढं लिहून वैजयंतीबाईंनी पेन खाली ठेवलं. वाशिमच्या कॉलेजात एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या बाई, कुणाची माफी मागायची सवय नाही. आता निवृत्तीनंतर अनसिंग गावातल्या घरात बसून पुढचं वाक्य सुचेना, तेव्हा त्यांना जानराव पहिल्यांदा दारात आला तो दिवस आठवला.

जानराव बावीस वर्षं उरणजवळच्या बंदरात होता. आधी गोदामात हमाल, मग परदेशातला माल सोडवणाऱ्या एजंटाकडे पिंपांवरची लेबलं तपासणारा. शाळा आठवीपर्यंत, पण कीटकनाशकाचं पिंप पाहिलं की कागद तोंडपाठ. फरिदाबादच्या कीटकनाशक मंडळाची नोंदणी आहे का, ती याच आयातदाराच्या नावावर आहे का, कस्टमच्या बिलात तेच नाव आहे का, पिंपावर विषाचा रंगीत त्रिकोण आणि उतारा छापलाय का. यातलं एक कमी असलं तर माल बंदरातच अडकायचा. गावी परतल्यावर त्यानं हीच तपासणी कृषी केंद्रातल्या बाटल्यांवर सुरू केली. दुकानदाराला तो डोळ्यासमोर नको झाला आणि गावानं त्याचं नाव 'कस्टम' पाडलं. लग्नाच्या पंगतीत वाढपी विचारायचे, "कस्टमभाऊ, वरणाची फरिदाबादची नोंद पाहू का आधी?" तोही हसून म्हणायचा, "वरणाले लाल त्रिकोण लावा लागते तुमच्या."

दोन वर्षांपूर्वीच्या त्या कार्तिकात तूर फुलावर होती आणि अळी पडली होती. जानराव एक अर्धी बाटली पिशवीत घालून बाईंकडे आला.

"बाई, हे पाहा. फुलचंदनं तुरीसाठी तीन नेल्या, त्यातली हे एक. दुकानदार म्हनते, इंपोर्टेड हाय, एका फवाऱ्यात अळी साफ."

बाईंनी चष्मा चढवला. लेबलावर परदेशी अक्षरं, वर मराठी नावाची चिकटवलेली चिठ्ठी. नोंदणी क्रमांक नाही, आयातदाराचा पत्ता नाही, त्रिकोण नाही, उतारा नाही.

"मागच्या दारानं आलेला माल आहे हा."

"तेच म्हनतो मी. वाशिमले कृषी खात्याच्या निरीक्षकाले नेऊन द्या. माही तक्रार गेली त लोक म्हनतील, दुकानदाराशी याचं वैर हाय. तुमचं कोनाशी वैर नाई."

"माझं सगळ्यांशीच आहे. पण उघडी बाटली घेऊन जाऊ? कोण विचारेल? तुम्ही बंदरात असा फुटका नमुना घेतला असता का?"

जानरावानं जीभ चावली. त्याचाच नियम त्याच्या गळ्यात आला होता. अर्धी बाटली त्यानं फुलचंदला परत केली. दुकानदार त्याला नवी देईना, म्हणून बुधवारी त्यानं बायकोला, केशरबाईला पाठवलं. तिनं सीलबंद बाटली आणून बाईंच्या ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "घ्या. जन्मात एकदा त्या दुकानात गेली, अन् आनली काय त जहर."

बाईंनी अर्ज लिहिला. गुरुवारी सकाळी वाशिमची बस होती, पण बाई म्हणाल्या, "एवढ्यासाठी वेगळी खेप कोण मारतो? सोमवारी हयातीचा दाखला द्यायला बँकेत जायचंच आहे. तेव्हा दोन्ही कामं करते."

जानराव म्हणाला, "फवारनी सुरू होऊन राह्यली, बाई."

"मग सांगा ना लोकांना थांबायला. मी काय उडत जाऊ?"

त्यानं सांगितलं. फुलचंद म्हणाला, "गोदामात पोते उचलले अन् आमाले शेती शिकवून राह्यला." फुलचंदकडे फवारायला जाणार होता देवमन, केशरबाईचा सख्खा भाऊ. जानराव त्याच्या घरी जाऊन म्हणाला, "सोमवारपर्यंत थांब. बाई बाटली नेऊन राह्यल्या."

"मी थांबीन, भाऊजी," देवमन म्हणाला. "पन फुलचंदभाऊची अळी थांबन काय? मी नाई गेलो त दुसरा जाईन."

शनिवारी दुपारी देवमनला फुलचंदच्या शेतातून उचलून आणलं. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. दवाखान्यातून फोन आला की डॉक्टर बाटली मागताहेत, विष कोणतं ते कळल्याशिवाय उतारा कसा द्यायचा? फुलचंदनं भीतीनं आपल्या बाटल्या कुठेतरी फेकल्या होत्या. जानराव धावत बाईंकडे आला. कपाटातली सीलबंद बाटली त्यांनी स्वतःच्या हातानं काढून दिली. त्या वेळी तो एवढंच म्हणाला, "सील तुटन, बाई."

"तुटू द्या!"

डॉक्टरांनी सील तोडलं, लेबल पाहिलं आणि बाटली बाजूला ठेवली. वाचण्यासारखं त्यावर काहीच नव्हतं. लक्षणं बघून त्यांनी अंदाजानं उपचार केले. देवमन वाचला. पण आता त्याचा हात इतका थरथरतो की पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरावा लागतो, आणि ऊन पडलं की त्याला काही दिसत नाही. तो दिवसभर ओट्यावर सावलीत बसतो.

सोमवारी बाई वाशिमला गेल्या. बँकेत सही करून आपण हयात आहोत असं लिहून देऊन आल्या. दुकानातला तो माल तोवर नाहीसा झाला होता.

आठवड्यानं जानराव आला. आवाज चढवला नाही, दोष दिला नाही. म्हणाला, "नमुना गेला. पन अर्ज त हाय ना? तो तरी देऊन टाका. कागद गेला त कोनी तरी इकडं तपासाले येईन. पुढच्या साली दुसऱ्या कोन्या देवमनच्या हाती हे येऊ नये."

"देते," बाई म्हणाल्या.

त्याला आता दोन वर्षं झाली. मधल्या काळात बाई वाशिमला किती वेळा जाऊन आल्या, त्याची मोजदाद नाही. दरवेळी जानराव बसथांब्यापर्यंत पिशवी धरून यायचा आणि काही विचारायचा नाही. गेल्या हप्त्यात तो तशीच बाटली बघून आला, दुसऱ्या गावच्या दुकानात. बाईंना सांगितलं आणि चहा पिऊन गेला.

वैजयंतीबाईंनी पत्र बाजूला सरकवलं आणि कपाटातून तो अर्ज काढला. सगळं लिहिलेलं होतं, मुद्देसूद, सहीसकट. फक्त एक जागा मोकळी होती : 'सदर बाटली माझ्या ताब्यात आल्याचा दिनांक.' तिथं देवमन पडला त्याच्या तीन दिवस आधीचा बुधवार लिहावा लागला असता. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं, मग अर्जाची घडी घातली, पत्राची घडी घातली आणि दोन्ही कपाटात ठेवून दिली.