वाकडी शिवण

बाई सोफे दुरुस्त करत. सोफे, खुर्च्या, बाकं, दवाखान्यातली तपासायची टेबलं. ज्याच्यावर माणूस बसतो किंवा पडतो अशी कुठलीही वस्तू दुकानात आली, की त्या आधी ती उलटी करून खालून बघत. गल्लीत त्यांना मागे ‘दाभण’ म्हणत आणि समोर ‘बाई’. दोन्ही नावं त्यांना ठाऊक होती.

त्यांचे यजमान दुकानाचा व्यवहार बघत, म्हणजे दारापाशी बसून आल्यागेल्याशी बोलत. लोक त्यांना शेठ म्हणत. त्यात थट्टा आहे एवढं सोडलं तर बाकी सगळं शेठना कळत असे.

बाई एका थिएटरच्या खुर्च्यांची मापं घ्यायला गेल्या होत्या. जुनं फाटकं रेक्झिन काढून सगळ्या खुर्च्यांना नवं चढवायचं, असं मोठं काम मिळालं होतं. इतकं मोठं काम त्यांच्याकडे यापूर्वी कधी आलं नव्हतं. त्या टेप गुंडाळत परत आल्या आणि मागच्या खोलीत गेल्या. तिथे मशीन नव्हतं. मशीनच्या पायांच्या चार खुणा होत्या आणि खुणांच्या मधोमध कोरीव पाठीची एक खुर्ची.

“अहो,” बाई म्हणाल्या, “मशीन कुठे आहे?”

“आधी बस तू,” शेठ म्हणाले. “त्या खुर्चीवर नको. ती महाग आहे.”

मग त्यांनी हकिगत सांगितली. सकाळी एक सभ्य गृहस्थ ही खुर्ची घेऊन आले. आजीची आठवण आहे, घराला रंग देतोय, तोवर राहू दे म्हणाले. ते गेले आणि थोड्याच वेळात भिंग घेतलेला एक पारखी रस्त्यावरून चालला होता तो आत शिरला. त्याने खुर्ची पाहिली, छातीवर हात ठेवला आणि असा आकडा सांगितला की शेठना पाणी प्यावं लागलं. उद्या रोकड घेऊन येतो, म्हणाला. गृहस्थ खुर्ची नीट आहे ना ते बघायला परत आले तेव्हा शेठनी पारख्याचं नावही काढलं नाही (हे त्यांनी दोनदा सांगितलं) आणि खुर्ची विकत मागितली. गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आलं. आजीला पैशात कसं मोजायचं? मात्र त्यांच्या होतकरू भाच्याला शिवणाचं मशीन हवं होतं.

“म्हणजे तुम्ही मशीन दिलंत.”

“दिलं नाही. बदललं.”

बाईंनी खुर्ची उलटी केली. खालच्या कापडाचा कोपरा उचकटला तर आत नायलॉनचे पट्टे होते आणि ते पिनांच्या बंदुकीने ठोकलेले होते. पिना अजून चकाकत होत्या.

“आजी फार पुढारलेली दिसते,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पारखी आला नाही. तिसऱ्या दिवशी शेठची बहीण वरच्या मजल्यावरून खाली उतरली आणि भावाला पुढे घालून चौकीत घेऊन गेली. तिथल्या साहेबांनी विचारलं, गृहस्थाने काही जबरदस्ती केली का? शेठ दुखावल्या आवाजात म्हणाले, “छे हो! उलट मीच किती आग्रह केला!” साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

“दादा, तुला जन्माला घातल्यावर आईने मला का घातलं ते मला आज कळलं,” परतताना बहीण म्हणाली. “तुझ्यावर लक्ष ठेवायला.”

बाई रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. त्यांनी बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळल्या, दाभण घेतलं आणि थिएटरचं जाड रेक्झिन हाताने शिवायला बसल्या. जिथे मशीन घास गिळल्यासारखं रेक्झिन ओढून घेई, तिथे आता एकेका टाक्याला खांद्यापासून जोर लावावा लागे. या वेगाने थिएटरचं काम वेळेत होणं शक्य नव्हतं. ते हातचं गेलं असतं तर दुकानात शेठ आणि गप्पा एवढंच उरलं असतं.

“वन्सं, तो परत येईल,” दोरा ओढत बाई म्हणाल्या.

“कोण? तो चोर? कशाला येईल?”

“यांच्यासारखं गिऱ्हाईक त्याला दुसरीकडे कुठे मिळणार? एकदा मशीन दिलं, पुढच्या खेपेला दुकान देतील. येईलच तो. आला की मशीन आणायला लावते की नाही बघा.”

त्यांनी एक पत्र्याचा डबा घेतला. तुटक्या स्प्रिंगा आणि गंजके खिळे भरायला शेठना सांगितलं. डबा खुर्चीच्या बैठकीत बसवून वर काथ्या दाबला. आता खालचं कापड असं शिवायचं होतं, की आत घबाड सापडल्यावर कुणीतरी ते लपवायला घाईघाईत परत शिवलंय असं वाटावं. इथे घोडं अडलं. बाईंना वाकडं शिवता येईना. डोळे मिटून शिवलं तरी टाके शाळेतल्या प्रार्थनेसारखे रांगेत उभे. त्यांनी उसवलं, पुन्हा शिवलं, पुन्हा सरळ. शेवटी त्यांनी दाभण नवऱ्याच्या हातात दिलं.

“तुम्ही शिवा.”

“मी?”

“नेहमीसारखं शिवा, फक्त नेहमीसारखं.”

शेठनी जीव ओतून शिवलं. पाल सरपटत गेल्यासारखी ती शिवण बघून वन्संना हसू आवरेना. बाई मात्र गंभीरपणे म्हणाल्या, “अगदी हवं तसं झालंय.” इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य शेठनी पहिल्यांदाच ऐकलं.

गृहस्थ आठवड्याने आले. पारख्याला म्हणे जोडीच हवी होती, एकटी खुर्ची चालत नव्हती, आणि योगायोगाने जोडीची दुसरी खुर्ची गृहस्थांकडेच होती; ती ते बरोबरच घेऊन आले होते. शेठचे डोळे लकाकले. बाई आतल्या खोलीत उलट्या खुर्चीपाशी उभ्या होत्या. गृहस्थ डोकावताच त्यांनी तिच्यावर चादर ओढली, तीही अर्धीच.

“ताई, काय करताय?”

“चादर घालतेय. ही खुर्ची आता विकायची नाही.”

गृहस्थांची नजर शिवणीवर गेली. ते सहज म्हणून पुढे झाले आणि बैठक दाबली. आत काहीतरी कडक होतं आणि ते खुळखुळलं.

“आत काय आहे?”

“डबा.”

“डब्यात?”

“ते मी कुणाला सांगणार नाही.”

बाई आयुष्यात खोटं बोलल्या नव्हत्या आणि त्या दिवशीही बोलल्या नाहीत. गृहस्थांच्या धंद्यात खरं ऐकायची सवय नसावी. ते घामाघूम झाले. त्यांनी पैसे देऊ केले, वाढवले, आजीची शपथ घातली.

“मशीन आणा,” बाई म्हणाल्या.

“ते भाच्याकडे आहे.”

“मग भाच्याकडून आणा. ते इथे उभं राहिलं की खुर्ची तुमची. त्याआधी नाही आणि दुसऱ्या कशावर नाही.”

दिवस मावळायच्या आत हातगाडी दारात आली. गाडीवर मशीन होतं आणि गाडी ढकलणाऱ्या होतकरू भाच्याच्या वरच्या खिशातून भिंग डोकावत होतं. बाईंनी मशीन उतरवून घेतलं, चाक फिरवलं, सुई खालीवर करून पाहिली आणि मान हलवली.

आणि नेमके तेव्हा शेठ खुर्चीत जाऊन बसले.

“उठा,” बाई म्हणाल्या.

“नाही उठणार. अगं, माणूस एवढ्या लांबून मशीन ढकलत आणतो, म्हणजे हिच्यात काहीतरी असणार.”

“अरे दादा, तिच्यात काय आहे ते तुला माहीत आहे!” वन्सं दात-ओठ खात म्हणाल्या.

“मला माहीत आहे. पण यांना त्याहून जास्त माहीत असेल तर?”

शेठनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. नाटक करणं त्यांच्या रक्तातच नव्हतं, आणि हे गृहस्थांनाही ठाऊक होतं. हा बावळट इतका चिकटून बसलाय हे पाहिल्यावर उरलीसुरली शंका फिटली. ते कळवळून म्हणाले, “शेठ, ती जोडीची खुर्ची पण ठेवा. फुकट ठेवा. पण उठा!”

शेठनी बायकोकडे पाहिलं. बाई मशीनला पाठ लावून उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात दाभण होतं. शेठ उठले.

गाडी वळणाआड गेल्यावर वन्सं हसत सुटल्या. शेठ मात्र पुष्कळ वेळ रस्त्याकडे बघत राहिले. खुळखुळणाऱ्या खुर्चीला कवटाळून जाणारे ते दोघे त्यांना भाग्यवान वाटत होते.

बाईंनी पाना आणला. मशीनच्या चारही पायांना पट्ट्या लावून त्यांनी ते जमिनीत बोल्टांनी आवळलं. शेठना पट्टी धरायला बसवलं होतं. बोल्ट पक्का झाला तरी बाईंनी आणखी एक फेरा दिला.

“इतकं घट्ट?” शेठ म्हणाले. “उद्या कुणी चांगला सौदा आणला तर?”

“तर खोलीसकट द्या,” असं म्हणून बाईंनी बोटांच्या चिकटपट्ट्या सोडल्या, रेक्झिन सुईखाली सरकवलं आणि मशीन सुरू केलं. शेठ पुढे काय म्हणाले ते त्या आवाजात कुणालाच ऐकू आलं नाही.