निनावी अर्जाची शेवटची ओळ

ते प्रकरण मी विसरलेलो नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते अजून नीट उमगलेलंही नाही. निवृत्त अधिकाऱ्याने असं कबूल करायचं नसतं. आपण कसे हुशार ठरलो तेवढंच लिहायचं असतं. पण नोकरीत मी जेवढा या एका प्रकरणात गोंधळलो तेवढा कधीच गोंधळलो नाही, आणि यात ना खून होता ना दरोडा. होता एक फुटबॉल खेळणारा मुलगा. नावं कुणाचीच लिहीत नाही.

मी तेव्हा पोलादपूर ठाण्यात होतो. एका मुलाच्या पासपोर्टची पडताळणी आमच्याकडे आली. कुडपणच्या बाजूच्या डोंगरवाडीतला मुलगा, कागदावर वय सोळा, वडील वारलेले, आई गावी. मुंबईत मामाकडे राहून तो एका क्लबच्या कुमार संघात खेळत होता आणि तो संघ स्पर्धेसाठी परदेशी निघाला होता. आमच्याकडे खेळ म्हणजे कबड्डी. फुटबॉल मी आयुष्यात टीव्हीवरसुद्धा धड पाहिलेला नाही. तरी ठाण्यात सगळ्यांना कौतुक वाटलं. हवालदार म्हणाला, "साहेब, आपल्या डोंगरातलं पोरगं इमानात बसनार. पेढे आल्याबिगर सही करू नका."

पेढ्यांच्या आधी टपालाने निनावी अर्ज आला. पाकिटावर महाडचा शिक्का होता. मजकूर थोडका होता. हा मुलगा सोळाचा नसून एकोणीसचा आहे, जोडलेला जन्मदाखला त्याच्या धाकट्या भावाचा आहे, वाडीवरच्या शाळेचं रजिस्टर बघा. आणि शेवटी एक ओळ होती: आईला ठाण्यात बोलावू नका, तिचे गुडघे दुखतात, तिला घाट झेपत नाही. अर्ज आवक नोंदवहीत चढवला आणि दुसऱ्या दिवशी बीट हवालदाराला घेऊन मी वर गेलो.

आईला विचारलं, मुलगे किती?

"दोन."

"थोरला कुठे असतो?"

"मुंबईला."

"आणि धाकटा?"

तिने चुलीवरचं भांडं उगाच हलवलं. "त्यो पन तकडंच."

रेशनकार्डावर दोघांचीही नावं होती. शेजारच्या घरात तिचा चुलतदीर राहत होता. त्याला विचारलं, तर तो म्हणाला, "आमचं बोलनं नाय साहेब." बांधाच्या दगडावरून दोन्ही घरांत बरीच वर्षं वाद होता. बाकीच्या तीन घरांत कुणी सांगितलं फुटबॉल खेळतो तो थोरला, कुणी म्हणालं धाकटा, आणि एका म्हाताऱ्याने मलाच विचारलं की कागदात काय लिहिलंय. मी डोक्याला हात लावला.

शाळेत मात्र उलगडा झाला. रजिस्टरमध्ये थोरल्याची नोंद होती, धाकट्याची नव्हतीच. गुरुजी म्हणाले, "वाडीवरचं कुठलं पोर यंदा पहिलीत येणार हे मला त्याच्या आईच्या आधी ठाऊक असतं. हा मुलगा कधी आलाच नाही." सहा वर्षांचं पोर पाच घरांच्या वाडीत शाळेत जात नाही, तेव्हा ते पोर वाडीत नसतं, एवढं पोलिसाला कळायला हवं.

मी पुन्हा आईपुढे बसलो. या वेळी काही विचारावं लागलं नाही.

"दीड वर्साचा होता. ताप आला. डोलीत घालून खाली नेईतवर गेला," ती म्हणाली. "जल्म सरकारी दवाखान्यातला, म्हनून दाखला होता. गेल्याचं कुटं सांगायचं असतं ते आमाला काय ठाव? रेशनकार्डातनं नाव कमी कराया दोनदा पोलादपुरात गेले. दोनी टायमाला तशीच परत आले. हात नाय झाला ओ."

माझ्याबरोबरचा हवालदार बाहेर जाऊन उभा राहिला. मलाही तिथून उठावंसं वाटत होतं.

मामाला मुंबईहून बोलावलं. पहिला तासभर तो कागदांवर ठाम राहिला. शाळेची नोंद पुढे ठेवली तसा त्याचा आवाज उतरला, पण मान काही खाली गेली नाही. "साहेब, निवड होती तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांची. पोरगं सोळाचं. पायात कला होती हो त्याच्या. घरात एक दाखला पडून होता, कुणाच्या उपयोगाचा नव्हता. कुणाचं वाईट केलं मी?"  मी कागद पुढे ओढला. त्याचा जबाब लिहून घेतला.

क्लबच्या प्रशिक्षकाशी फोनवर बोललो. तो हादरला होता. सहज विचारलं, तुमच्या कुमार संघातली मुलं पुढे काय होतात? म्हणाला, "एखादा-दुसरा मोठ्या संघात जातो. कुणी नोकरीला लागतो, कुणी दुकानात बसतो." बाकीचे? "बाकीचे मोठे होतात, साहेब. एवढंच."

आता राहिला प्रश्न अर्ज कुणी लिहिला याचा. कायद्याने त्याची फारशी गरज नव्हती, पण माझी खोड आडवी आली. भाऊबंदकी म्हटली की आम्हा पोलिसांचं बोट आपोआप एका दिशेला जातं. शेजारच्या त्या चुलतदिराला, म्हणजे मुलाच्या चुलत्याला, मी दोनदा खाली ठाण्यात आणलं. तो बाकावर बसून एकच सांगत राहिला, "मी नाय लिवला. लिवायचाच असता तर माझ्या हद्दीच्या दगडाचा लिवला असता ना?" मी विश्वास ठेवला नाही. पोलिसांची गाडी एका माणसाला दोनदा नेते आणि आणून सोडते, याचा वाडीने जो अर्थ काढायचा तो काढला.

अहवाल लिहायला बसलो तेव्हा अर्ज चौथ्यांदा वाचला आणि शेवटच्या ओळीवर थांबलो. निनावी अर्ज मी शेकड्याने वाचले आहेत. लिहिणारा शेवटच्या ओळीत उरलंसुरलं विष ओततो. आईच्या गुडघ्यांची काळजी कुठला वैरी करतो? आणि पाकिटावर शिक्का पडला त्या आठवड्यात, महाडला गाडी बदलून, पासपोर्टची कागदपत्रं न्यायला गावी कोण आलं होतं? मुलगाच, हे आई बोलता बोलता सांगून गेली होती. मला माझीच लाज वाटली.

मुलाला बोलावलं. मामाला बाहेर बसवलं. उंच, काटक पोरगा, दाढीचे खुंट आलेले. सोळाचा तो कुठूनच दिसत नव्हता. सगळ्यांनी डोळे मिटून घेतले होते की काय कोण जाणे.

"अर्ज तूच लिहिलास ना?"

त्याने वाकून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. मग म्हणाला, "हो."

"अरे, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास. का?"

"साहेब, ती पोरं तेराची होती तवा मी सोळाचा होतो. मी एकटा चार-चार जणांना चकवायचो. सगळे म्हणायचे, काय टॅलेंट हाय! आता ती वाढली. माझ्याएवढी झाली. आता माझ्या पायातनं बॉल काढून नेतात." त्याने मान वर केली. "मी चांगला होतो का नुसता मोठा होतो, तेच मला कळत नाय. आन् गोल मारला की बाहेरून नाव कुणाचं ओरडतात, तर माझ्या गेलेल्या भावाचं. परदेशात जाऊन बी त्याचंच ओरडतील. मामाला सांगितलं, त्यानं ऐकलं नाय. आईला सांगू नका साहेब. तिला वाटंल, मी त्याला परत मारला."

मी त्याला चहा मागवला. दुसरं काय करणार होतो?

पडताळणीत प्रतिकूल अहवाल गेला. मामावर गुन्हा दाखल करावा लागला. माझी बदली झाल्यावर त्याचं पुढे काय झालं ते मला पाहता आलं नाही. क्लबने मुलाला काढलं. धाकट्याच्या मृत्यूची नोंद व्हावी म्हणून मी स्वतः कागद फिरवले, आणि तो दाखला आईने रेशनकार्डाच्या घडीत ठेवला. अर्जाबद्दल मात्र मी लिहिलं, 'अर्जदार निष्पन्न झाला नाही.' खोट्या नोंदीच्या प्रकरणात मीच एक खोटी नोंद केली. आईला कळू नये म्हणून केली. पण त्या नोंदीमुळे तो चुलता वाडीच्या नजरेत कायमचा चहाडखोर ठरला, आणि हे मला लिहिताना ठाऊक होतं.

निवृत्तीनंतर मी महाडला राहतो. गेल्या वर्षी इथल्या मैदानावर फुटबॉलचे सामने होते. तो पोरगा इथल्याच एका कारखान्यात लागलाय हे ऐकून होतो, म्हणून गेलो. मैदानाच्या कडेला पाण्याच्या बाटल्या घेऊन कोण बसलं असावं? तो चुलता.

मला ओळखून त्याने जागा दिली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्याने हात वर केला. "पोरानं मला सांगितलंय समदं. तो वाडीत सांगनार होता. मीच म्हटलं, गप बस. माझ्यावर हाय तेच बरं हाय. तिच्या घराशी माझं तसं बी भांडान हाय. पोराचं नाव आलं तर ती म्हातारी जगंल का?"

 माणसं ओळखतो असा माझा लौकिक होता, आणि बांधासाठी भांडणाऱ्या या माणसाला मी दोनदा बाकावर बसवलं होतं. या प्रकरणाने मला काय शिकवलं असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन, की आता मी कुणाबद्दल ठामपणे बोलत नाही.

पोराचा संघ हरला. तो घामाघूम होऊन आला, मला पाहून थबकला, मग नमस्कार केला.

"साहेब, आज समदे माझ्याच वयाचे होते," तो म्हणाला. "कसा खेळलो?"

तो कुठला प्रश्न विचारतोय ते मला समजलं. त्याला बरं वाटेल असं बोलणं सोपं होतं. पण याच्यापुढे तरी मला खोटं बोलायचं नव्हतं.

"मला नाही रे कळलं," मी म्हणालो.

तो हसला. "मला पन नाय कळत अजून. पुढल्या रविवारी परत हाय, या."

चुलत्याने त्याला त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारली आणि बाटली पुढे केली. पुढच्या रविवारी मी गेलो, आणि अजूनही जातो.