बाकावरची लाख

परवा आमच्या दहावीच्या वर्गात मतदान झालं. आज शाळा भरली तेव्हा माझ्या बाकावर लाल लाखेचा वाळलेला थेंब होता. मतदानयंत्राला सील लावताना सांडला असणार. मी रोज जिथे बसते, तिथे येऊन अख्खी वस्ती आपलं म्हणणं सांगून गेली होती. कर्कटकाने थेंब खरवडून पाहिला, निघाला नाही. मग कंटाळा आला.

हल्ली सगळ्याचाच येतो. सकाळी क्लास, दुपारी शाळा, संध्याकाळी टीव्हीवरची चर्चा आणि टीव्हीपेक्षा मोठ्या आवाजात पप्पा. काल जेवताना मी एवढंच म्हटलं, "मत मागायला आले त्यांच्यातल्या एकानेही आमच्या शाळेचं गळकं छत बघितलं नाही."

पप्पांनी पडद्यावरची नजरही काढली नाही. "तुला काय कळतंय त्यातलं? अभ्यास कर."

केला. म्हणून आज नागरिकशास्त्राच्या तासाला डोळे मिटायला लागले. बाई मताचं मोल समजावून सांगत होत्या. मी हळूच बाकावर डोकं टेकलं.

तास संपल्यावर शेजारच्या मैत्रिणीने हलवून उठवलं आणि माझ्याकडे बघून हसत सुटली.

"अगं, तुझ्या गालावर सील उठलंय."