खंडोबाच्या माळावरून आणलेली अर्धी घोडी

अमरावतीहून निघताना ह्यांचा घसा ठणठणीत होता, हे आधीच सांगून ठेवते. पुढं जे झालं त्याचं खापर सगळ्यांनी माझ्या तोंडावर फोडलं, पण निम्मा दोष कारंज्याच्या मोटारीतल्या धुळीचा आहे.

आमचे हे तिथल्या एका व्यायामशाळेत घोडेस्वारी शिकवतात. भरधाव घोड्यावरून भाल्यानं जमिनीतली मेख उचलायची, पळत्या घोड्यावर उभं राहायचं, असले जीवघेणे प्रकार. व्यायामशाळेचे घोडे दोन. त्यातला एक पावसाळ्यात पोटशूळ होऊन गेला, आणि उरलेला इतका म्हातारा की मुलं त्याच्यावर बसली की मलाच लाज वाटायची. समितीनं ह्यांच्या हातात पैसे ठेवले आणि बजावलं, नाताळाच्या आत तरणा घोडा आणा, नाहीतर वर्ग बंद. वर्ग बंद म्हणजे ह्यांची नोकरी बंद. आम्ही मूळचे सातारकडचे. वऱ्हाडात आलो तेच मुळी ह्या नोकरीसाठी.

हिंगोलीला पूर्वी घोडदळाची छावणी होती आणि तिथल्या घोड्यांचं बीज वाशीमच्या बाजूला अजून सापडतं, असं कोणीसं ह्यांच्या कानावर घातलं. झालं! मार्गशीर्ष लागताच आम्ही निघालो. मला एकटीला मागं ठेवावं असं ह्यांच्या मनात होतं, पण पैशांची पिशवी मी कमरेला बांधून बसले होते.

मूर्तिजापूरला छोट्या गाडीत बसलो. ही गाडी कारंज्यापर्यंत जाते, पण तिला कसलीही घाई नसते. एका वळणावर गार्डसाहेब खाली उतरले, पोत्यावर बसलेल्या म्हातारीकडून बोरं घेतली आणि चालत येऊन पुन्हा आपल्या डब्यात चढले, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. बोरं गोड होती. आम्हालाही चार मिळाली.

कारंज्यापासून पुढं मोटार. मोटार कसली, सरकीच्या पोत्यांवर माणसं ठेवली होती. काळ्या मातीची ती बारीक धूळ नाकातोंडात जाते आणि तिथंच मुक्काम करते. मंगरूळपीर येईतो ह्यांचा आवाज घोगरा झाला आणि वाशीमला उतरलो तेव्हा पार बसला. नुसती फुसफुस. रात्री हळदीचं दूध दिलं, ज्येष्ठमध चघळायला दिलं, काही उपयोग झाला नाही.

तेव्हा वाशीमच्या बाजारात मीच ह्यांचं तोंड झाले. हे घोड्याचे दात बघणार, पाय चाचपणार, माझ्या कानात फुसफुसणार आणि मी बोलणार. एक व्यापारी हसून म्हणाला, "मास्तर काहून (का) बोलत नाई? मुके हायत काय?"

मी म्हटलं, "मुके नाहीत. तुमच्या घोडीचे दात कानशीनं घासून तिचं वय चोरलंय, हे त्यांनीच मला आत्ता सांगितलं."

त्यानं घोडी झटक्यात मागं घेतली. पण तरणंताठं, सरळ पायांचं जनावर त्या बाजारात एकही मिळालं नाही.

तोंडं पाडून परत निघालो. शेलूबाजारला मोटार थांबली. चहाच्या दुकानात आम्ही बशा फुंकत बसलो होतो. दुकानदारानं आपणहून चौकशी केली आणि कपाळाला हात लावला.

"घोडी पायजे? मंग वाशीमले कायले गेले? उद्या चंपाषष्ठी. आसेगावच्या अंगाले खंडोबाचा माळ हाय. तथी देवाच्या हर्रासात (लिलावात) घोडी निघनार हाय. कवडी नाव तिचं. पाहानच तुमी!"

तो एवढंच बोलला. बाकीचं सांगायची त्याला गरज वाटली नसावी, कारण त्या बाजूला ते सगळ्यांना ठाऊकच असतं.

सकाळी एक दमणी (हलकी बैलगाडी) ठरवून निघालो. दोन्ही अंगांना कणसात आलेली ज्वारी, मध्ये पिवळ्या फुलांची तूर, आणि कपाशी तर अशी फुटलेली की वेचणाऱ्या बायका कमरेपर्यंत पांढऱ्यात उभ्या. काळी रानं संपली आणि दगडगोट्यांचा माळ लागला. माळाच्या टोकावर कडुलिंब, त्याखाली देऊळ, पायऱ्या भंडाऱ्यानं पिवळ्याजर्द. देवळामागं गोवऱ्यांच्या आरात (निखाऱ्यांत) रोडगे, म्हणजे जाडसर कणकेचे गोळे, भाजत होते. शेजारी वांग्यांचा ढीग. वास असा सुटला होता की मी घोडी विसरले.

हे मात्र विसरले नव्हते. त्यांनी माझा दंड धरून मला लिंबाखाली नेलं. तिथं ती उभी होती. तांबूस अंग, काळी आयाळ, कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका. वय तीन वर्षांचं. ह्यांनी तिच्या गुडघ्यापासून खुरापर्यंत हात फिरवला तेव्हा ती हलली नाही, फक्त मान वळवून ह्यांची टोपी हुंगली. हे माझ्याकडं बघून हसले. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा!

गावचा कोतवाल दगडावर चढला आणि हर्रास सुरू झाला. समोरच्या रांगेत पांढऱ्या मुंडाशाचा एक शेतकरी उभा होता, उकंडाजी त्याचं नाव. पहिली बोली त्याची, चाळीसची. कोणी देवाकडं बघून हात जोडले आणि दोन रुपये वाढवले, कोणी हसत तीन वाढवले. उकंडाजीनं पन्नास म्हटलं आणि सगळे गप्प झाले. मला वाटलं, काय हे चिक्कू लोक! असली घोडी पन्नासात?

ह्यांनी मला कोपरानं ढोसलं. मी ओरडले, "साठ!"

मुंडाशी वळली, बायकांनी पदर तोंडाला लावले. कोतवाल 'एक वार' म्हणायचं विसरला. "बाई," तो म्हणाला, "तुमी सोताच बोलून राह्यल्या काय?"

माझं डोकं फिरलं. बाई माणूस चारचौघांत बोली लावते म्हणून ह्या लोकांची दातखीळ बसली, अशी माझी पक्की समजूत झाली. "हो, मीच! का? बाईचे पैसे देवाला चालत नाहीत?"

"चालते ना बाई," तो खाली बघून म्हणाला.

उकंडाजीनं मागं वळून बायकांच्या घोळक्याकडं पाहिलं आणि पासष्ट म्हटलं. मी तावातावानं ऐंशी म्हटलं. मग तो काही बोललाच नाही. तीन वार झाले. मी देवापुढं पैसे मोजले, आणि एका मध्यमवयीन बाईनं पुढं येऊन घोडीचा दोर माझ्या हातात दिला. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही, घोडीकडंही नाही. मी मनात म्हटलं, किती तुसडी बाई!

जेवायला बायकांची पंगत वेगळी बसली. तीच बाई वाढायला आली. वच्छलाबाई, उकंडाजीची बायको. रोडगा फोडून तिनं माझ्या पानात तूप ओतलं, भरताचा डाव दोनदा टाकला. मी भरताची तारीफ केली; तिनं नुसती मान हलवली. ती पुढं गेल्यावर मी शेजारच्या म्हातारीला विचारलं, "ह्या बाई माझ्यावर रागावल्यात का?"

"रागावन कायले?" म्हातारी म्हणाली. "तिनंच वाढोली कवडीले. माय मेली तवा आठ दिसाचं शिंगरू व्हतं. हिची बोटं चोखू चोखू दूध पेलं ते. मरतच व्हतं. ही खंडोबाले नवस बोलली, जगव, तुह्या पायावर आनून घालीन, अन् हर्रासात सोडवून घरी नेईन."

"सोडवून म्हणजे?"

"मंग काय तं! ज्यानं वाहिलं त्यानंच सोडवाचं. बाकीचे देवासाठी दोन-चार रुपये वाढोतात अन् थांबतात."

"अहो, मग मी बोली वाढवली तेव्हा कोणी बोललं का नाही?"

"कसं बोलाव वो बाई? देवाचे वाढते पैसे कोन अडवीन?"

पानावरून उठू नये म्हणतात. मी उठले.

हे लिंबाखाली कवडीच्या मानेवर हात टाकून उभे होते. मला बघताच फुसफुसले, "पाय पाहिलेस? असे पाय पुन्हा मिळायचे नाहीत." मी सगळं सांगितलं. ते दगडावर बसले. मग म्हणाले, "समितीला काय सांगायचं?"

"ते मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की तिनं वाढलेलं अन्न माझ्या घशाखाली उतरत नाही."

आम्ही दोघं उकंडाजीकडं गेलो. मी म्हटलं, घोडी परत घ्या. तो घाबरून मागं सरला. "फुकटात? देवाची वस्तू फुकटात नेली तं मले अन्न गोड लागन काय? अन् देवाच्या दारची वस्तू आजच्या आज कोनी कोनाले इकत भी नाई. तशी रीतच नाई."

माझा संताप झाला. द्यायची म्हटली तर घेत नाहीत, ठेवायची म्हटली तर माझं मन घेत नाही! शेवटी कोतवाल कान खाजवत म्हणाला, "एक हाय. बाईनं घोडी आपल्याकून देवाले वाहिली, तं हर्रास पुन्हा होते."

"आणि आम्ही भरलेले पैसे?"

"ते देवाचे झाले ना. देव कायची मोड देते बाई!"

पैसे समितीचे. नोकरी ह्यांची. हे एवढे पैसे गेले की दुसरा घोडा येणार नव्हता. मी ह्यांच्याकडं पाहिलं. ह्यांनी पायरीवरचा भंडारा मुठीत घेतला, कवडीच्या कपाळावर फासला आणि तिचा दोर नेऊन देवळाच्या खांबाला बांधला.

कोतवाल पुन्हा दगडावर चढला. उकंडाजी म्हणाला, चाळीस. देवासाठी कोणी दोन वाढवले, कोणी तीन. उकंडाजी म्हणाला, पन्नास. मग कोतवाल थांबला आणि त्यानं माझ्याकडं पाहिलं. उकंडाजीनं पाहिलं, म्हातारीनं पाहिलं, सगळी मुंडाशी वळली. वच्छलाबाई तेवढी खाली बघत होती. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि गच्च डोळे मिटले. "तीन वार!" आणि 'येळकोट येळकोट'चा असा गजर झाला की कवडी बिथरली. मला रडू फुटलं. भक्तीबिक्ती काही नाही; गेलेल्या पैशांचं आणि ह्यांच्या चेहऱ्याचं रडू होतं.

उन्हं कलायच्या आत निघावं म्हणून गाडीवान बैल जुंपत होता. तेवढ्यात वच्छलाबाई आली. हातात कवडीचा दोर, मागं उकंडाजी.

"मास्तर घोड्याले शिकोतात म्हने," ती मला म्हणाली. "आमच्या घरी हिच्यावर बसनारं कोनी नाई. निमबटईनं नेता काय?"

निमबटई म्हणजे अर्धा वाटा. मालकानं जनावर द्यायचं, दुसऱ्यानं पोसायचं, वापरायचं, आणि वाढ अर्धी अर्धी. पहिलं शिंगरू त्यांचं, दुसरं आमचं. दर चंपाषष्ठीला कवडीला देवाला आणून दाखवायचं, आणि परत आमच्याकडं द्यायची की ठेवून घ्यायची ते वच्छलाबाईनं ठरवायचं.

मी चक्रावले. "अहो, मघाशी मी नेतच होते की! मग एवढा सगळा घोळ कशाला?"

"तवा तुमी नेऊन राह्यल्या होत्या," वच्छलाबाई म्हणाली. "आता मी देऊन राह्यली."

दमणीच्या मागं कवडीला बांधलं, आणि ही तुसडी बाई तिच्या बाजूनं चालत जी बोलायला लागली ती थांबेचना. डाव्या कानाले हात लावू नोका. छत्रीले भेते. शिळं पानी पेत नाई. गूळ मागते, पन रोज देऊ नोका. ओढ्यापाशी ती वळली आणि पुन्हा मागं आली, उन्हाळ्यात कडबा भिजवून घालायचा हे सांगायला. हे मान डोलावत होते आणि मी मनात सगळं घोकत होते.

कारंज्यापासून पुढं हे कवडीला घेऊन पायी आले. मी छोट्या गाडीनं. समितीत व्हायचा तो तमाशा झाला. अध्यक्ष म्हणाले, "एवढे पैसे देऊन अर्धी घोडी? कुठली अर्धी, पुढची की मागची?" हे उत्तर देणार नाहीत हे ठाऊक असल्यानं मीच गेले होते. म्हटलं, "लाथ मागच्या अर्धीची बसते, तेव्हा पुढचीच आपली समजा." गेलेली रक्कम ह्यांच्या पगारातून कापायचं ठरलं. त्यात समितीची काही चूक नाही. पण वर्ग चालू राहिला, आणि होळीला कवडीनं भर दौडीत पहिली मेख उचलून दिली तेव्हा अध्यक्ष सगळ्यांच्या आधी उभे राहिले.

आता पुन्हा मार्गशीर्ष लागला आहे. परवा कवडीला घेऊन माळावर निघायचं. देवाची मला धास्ती नाही, वच्छलाबाईची आहे. ती हिच्या अंगावरून हात फिरवील, बरगड्या चाचपील, आणि राहू द्या आता इथंच, म्हणाली की संपलं. तसा तिचा हक्कच आहे. हे तर चार दिवस झाले, तबेल्यातच झोपतात. आणि मी? सून माहेरी जायची असली की सासूबाई आठ दिवस आधीपासून तिच्या पानात तूप वाढू लागतात, त्यांना मी जन्मभर हसत आले. आज सकाळी कवडीच्या तोबऱ्यात मी पुन्हा ओंजळभर हरभरा जास्तीचा घातला.