बालाजीदादाची ज्वारीची बिअर

माझा भाऊ दारू बनवायचा.

गेल्या वर्षी तो गेला तेव्हा चौकातल्या बॅनरवर "युवा उद्योजक" असं छापलं होतं. उद्योग कसला, ते कुणी लिहिलं नाही. आज त्याचं वर्षश्राद्ध झालं. म्हणून मीच लिहिते.

बालाजीदादा बिअर बनवायचा. ज्वारीची. आपल्या मालदांडीची.

केमिस्ट्री शिकून तो पुण्यात एका ब्रुअरीत नोकरीला लागला. तिथं परदेशातून आलेल्या धान्याची पोती फोडताना त्याच्या डोक्यात एकच यायचं, ही बिअर आपल्या ज्वारीची का होणार नाही?

सुट्टीत घरी आला की ज्वारी भिजवायचा, मोड आणायचा, वाळवायचा, तव्यावर भाजायचा. आईला वाटायचं, पोराला हुरड्याची आठवण येते.

मग एक दिवस तो नोकरी सोडूनच आला. तेर गावच्या रस्त्याला आमचं शेत आहे, तिथं छोटी ब्रुअरी टाकतो म्हणाला.

आई जेवता जेवता ताटावरून उठली.

आमचा धाकटा चुलता दारूनं गेला होता. त्याची लेकरं आईनंच वाढवली.

"ह्या घरातलं एक माणूस दारूनं नेलं," ती म्हणाली. "आता तू ती शिजवणार व्हय?"

दादानं वाद घातला नाही. "आई, काका अंधारात, एकटा प्यायचा. माझ्याकडं तसं कुणाला पिऊ देणार न्हाय."

परवाना मिळाला, टाक्या आल्या, ब्रुअरी सुरू झाली. आईनं तिथं पाऊल टाकलं नाही.

पण दादानं शब्द पाळला.

त्याच्याकडं बसून प्यायची, जेवणासोबत प्यायची. दोन ग्लास झाले की तो स्वतः टेबलाशी यायचा आणि ताक विचारायचा. लोक चिडायचे. काही जण परत आलेच नाहीत.

मी एकदा म्हटलं, दादा, असा धंदा होतो का? तर म्हणाला, बिअर गप्पांसाठी असते. तिसऱ्या ग्लासाला गप्पा संपतात.

त्याची बिअर जरा गढूळ दिसायची. गाळून चकचकीत कर, असं सगळे सांगायचे. तो ऐकायचा नाही. ज्वारीची आहे, ज्वारीसारखीच दिसणार. आणि टाकीत मुरायला जेवढा वेळ लागेल तेवढा तो द्यायचाच. मागणी कितीही असो.

मग ते कोरडं वर्ष आलं.

गाव टँकरवर. आमच्या बोअरला मात्र पाणी होतं.

एक ग्लास बिअर बनवायला कितीतरी ग्लास पाणी जातं. सलीमभाई, जे त्याच्यासोबत टाक्या सांभाळायचे, ते म्हणाले, बोअर आपला, पाणी पुरतंय, चालू ठेवू. लग्नसराईतली गर्दी तोंडावर होती.

दादानं कुलूप लावलं.

"बाया टँकरमागं पळायल्यात सलीमभाई. मी टाक्या कशा भरू?"

बोअरचं पाणी पाइप टाकून गावाला दिलं. पाऊस येईपर्यंत ब्रुअरी बंद राहिली. तो दिवसभर त्या पाइपापाशी उभा असायचा.

त्या उन्हाळ्यात आईनं माझ्या हातात डबा द्यायला सुरुवात केली. "नेऊन दे," एवढंच म्हणायची. कुणाला, ते म्हणायची नाही.

ब्रुअरी पुन्हा सुरू झाली तेव्हा लोक लातूर-सोलापूरहून यायला लागले. चांगले दिवस होते. थोडेच.

पोट दुखतंय म्हणून दाखवायला गेला आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला.

केमो सुरू झाली आणि त्याची चव गेली. पाणी, भात, वरण, सगळं पत्र्यासारखं लागायचं. केस गेले त्याचं त्याला काही वाटलं नाही. चव गेली तेव्हा मात्र तो भिंतीकडं तोंड करून झोपला.

टाकीत एक बिअर मुरत होती. सलीमभाई नमुना घेऊन घरी आले. दादानं घोट घेतला, तोंडात फिरवला आणि मान हलवली. काहीच कळत नव्हतं.

मग ग्लास माझ्याकडं केला.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली बाई. आयुष्यात कधी थेंब घेतला नव्हता. आई दारातच उभी होती. मी तिच्याकडं बघितलं. तिनं नको म्हटलं नाही.

मी प्यायले.

"काय आठवतंय?" दादानं विचारलं.

"भाकरीचा पापुद्रा. जरा जास्त भाजलेला."

"मग?"

"मग कडू."

"कारल्यागत?"

"न्हाय. मेथीगत."

त्यानं डोळे मिटले. खूप दिवसांनी हसला.

"मग झाली, सलीमभाई. काढा."

ती लोकांपर्यंत पोचायच्या आत तो गेला.

तेरावं झाल्यावर सलीमभाई घरी आले. टाकीतल्या बिअरचं काय करायचं, ते आईला विचारलं. ओतून द्या म्हणाल तर ओततो, म्हणाले.

आई उठली, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, चला.

ती पहिल्यांदा ब्रुअरीत आली. सगळीकडं बघितलं. टाकीला हात लावला, गार होती.

"हितंच उभा असायचा का?" तिनं विचारलं.

"व्हय, अम्मा. हितंच."

आई तिथं उभी राहिली. बराच वेळ.

"ओतू नगा," ती म्हणाली. "पोरानं केलंय."

त्याची माणसं आली, बसली, जेवली. टाकी रिकामी झाली.

मग आम्ही ब्रुअरी बंद केली. चालवायला दोघं-तिघं तयार होते. सलीमभाईच नको म्हणाले. बिअर मी बनवीन, पण पिणाऱ्याला थांबवणारा माणूस कुठून आणू?

परवा टाक्या विकल्या गेल्या. शेड आता मोकळी आहे. आत बोललं की आवाज घुमतो.

दादा, तुझी फार आठवण येते. आईलाही येते, ती बोलत नाही.

जिथं असशील तिथं तुझ्या तोंडाला चव असू दे.

तुझी शीतल